ग्राहक खरा, सभासद नाही

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. एका बाजूला काका मंडळी: खासगी विद्यापीठ म्हणजे दुकान, बापाच्या पैशावर एसी वर्गात बसायचं आणि चार वर्षांनी पदवी घेऊन यायचं. दुसऱ्या बाजूला ज्यांची मुलं तिथे शिकतात ते: तुमच्या सरकारी कॉलेजात रिकाम्या जागा भरल्यात का, संडासाला कडी आहे का, कॅम्पसला कंपन्या येतात का? मग कुणी पॅकेजचा आकडा टाकतो, कुणी फीची पावती टाकतो, आणि कोल्ह्याला द्राक्षं आंबट इथवर येऊन गाडी थांबते. टीव्हीवरच्या चर्चा याहून फार वेगळ्या नसतात. तिथे फक्त टाय असतो.

दोन्ही बाजू खरं तर एकच प्रश्न विचारताहेत: पैसे वसूल होतात का? एकाचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. पण हा फ्रिज घेताना विचारायचा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की पुण्यामुंबईतल्या खासगी विद्यापीठात विद्यार्थ्याची खरी कोंडी फीपाशी होत नाही, आणि शिकवण्याच्या दर्जापाशी तर बऱ्याच ठिकाणी होतच नाही. तिथे त्याला ग्राहकाचे लाड मिळतात, सभासदाचा अधिकार मिळत नाही. अभ्यासक्रम तेच ठरवणार, तेच शिकवणार, परीक्षा तेच घेणार, दंड तेच लावणार, आणि यातल्या कशाबद्दल गाऱ्हाणं असेल तर ऐकून घेणारेही तेच. उद्या फी निम्मी केली तरी यात काडीचा फरक पडणार नाही.

सभासद हा शब्द मी मुद्दाम सहकारातून उचलला आहे. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला. पुढे सहकाराचं काय झालं हे सांगायला नको. साखरसम्राट झाले, कारखाने तोट्यात गेले, कवडीमोलाने विकले गेले. तरीही वार्षिक सभेत पटका बांधलेला एखादा म्हातारा उठून चेअरमनला विचारू शकत होता, ‘काट्यात मारता की नाही ते सांगा.’ त्याचा माईक बंद करत, त्याला खाली बसवत. पण त्याला उठायचा हक्क आहे हे बसवणाऱ्यालाही मान्य होतं. खासगी कारखाना कित्येकदा बिल वेळेवर देतो, तोडही लवकर देतो. शेतकरी खूशही असतो. पण तिथे तो ऊस घालणारा असतो. सभा नाही, शेअर नाही, उठून विचारण्याची जागा नाही. साखरसम्राटांमधलेच काही पुढे शिक्षणसम्राट झाले हा निव्वळ योगायोग म्हणता येईल का? कारखान्यातला सभासद सांभाळताना जी डोकेदुखी झाली, ती विद्यापीठ काढताना त्यांनी मुळातच टाळली.

आता जवळचं उदाहरण. माझी भाची तासगावकडची. वडिलांची द्राक्षबाग, फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की वर्षाचा हिशेब कोलमडणारं घर. पुण्याच्या कडेला, जिथे पंधरा-वीस वर्षांपूर्वी ऊस उभा असायचा, तिथल्या एका खासगी विद्यापीठात तिने डेटा सायन्सला प्रवेश घेतला. पहिल्या वर्षी मी भेटायला गेलो तेव्हा नवं घर बांधलेला माणूस पाहुण्याला खोल्या दाखवतो तशी ती मला कॅम्पस दाखवत होती. रात्री बारापर्यंत उघडी लायब्ररी. इंफाळची रूममेट. डेटा सायन्सच्या जोडीला मानसशास्त्र हा मायनर. पंचवीस मुलांचा गट आणि प्रत्येकाला नावाने हाक मारणाऱ्या मॅडम. ‘मामा, वर्गात हात वर करायला मी इथे शिकले,’ असं ती म्हणाली. दिवेलागणीला घरात असायची सवय लागलेल्या मुलीचं हे वाक्य काका मंडळींनी एकदा शांतपणे ऐकावं. त्याच संध्याकाळी ती आणखी एक बोलली, अगदी सहज: ‘इथे मराठी बोलायला दोनच माणसं मिळतात. गेटवरचे सिक्युरिटीकाका आणि मेसमधल्या मावशी.’ तिची ती तक्रार नव्हती. मला मात्र परत येताना बसमध्ये ते टोचत राहिलं. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

तिसऱ्या सत्रात तिची गाठ विद्यापीठाच्या दुसऱ्या चेहऱ्याशी पडली. चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र चार दिवस बंद होतं. बंद होतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावर ‘अंडर मेंटेनन्स’चा कागद चिकटवलेला होता आणि तिने त्याचा फोटोही काढून ठेवला होता. सत्र संपताना अॅपवर एका विषयाची हजेरी निघाली ७४.२ टक्के. नियम ७५ चा. हॉल तिकीट अडकलं. मॅडमनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं की ती चारही दिवस वर्गात होती. कोऑर्डिनेटर म्हणाले, सिस्टीममध्ये माझ्या हातात काही नाही. डीनच्या ऑफिसबाहेर दोन दुपारी गेल्या. शेवटी सगळे म्हणतात म्हणून तिने पोर्टलवर तिकीट टाकलं. तोवर पेपर होऊन गेला, विषयात ती ‘डिटेन’ झाली, आणि उन्हाळी सत्रात पुन्हा नोंदणी करायला अठरा हजार भरावे लागले. पैसे भरल्याच्या तिसऱ्या दिवशी मेल आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, आपला अनुभव कसा होता? खाली पाच तारे.

मी विचारलं, ‘किती दिलेस?’

‘पाच दिले मामा. चार दिले की कारण लिहायला लागतं, आणि कारण लिहिलं की कोऑर्डिनेटर बोलावून घेतात.’

यावर कुणी म्हणेल, सरकारी कॉलेजात काय वेगळं घडतं? तिथे तर खिडकीवरचा क्लार्क मान वर करून बघतही नाही. मान्य. मी नव्वदच्या दशकात पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात शिकलो. तीन वर्षांत एकाही प्राध्यापकाला माझं नाव माहीत झालं असेल असं वाटत नाही. लायब्ररीत पुस्तक मागितलं की ‘बाइंडिंगला गेलंय’ हे ठरलेलं उत्तर. पण माझा पेपर तपासणारा माणूस माझ्या कॉलेजचा नव्हता. कॉलेजचं आणि माझं वाकडं आलं असतं तरी कॉलेज मला फार तर अंतर्गत गुणांत मारू शकत होतं, पदवी अडवू शकत नव्हतं. कॉलेजच्या वर विद्यापीठ होतं, विद्यापीठात अधिसभा, म्हणजे सिनेट होती, अधिसभेत पदवीधरांनी मतं देऊन पाठवलेली माणसं होती. या साखळीतल्या कड्या गंजलेल्या असतात हे मला कुणी सांगायला नको. पण कडी गंजलेली असणं वेगळं आणि साखळीच नसणं वेगळं.

मुंबई विद्यापीठाचा २०१७ चा गोंधळ आठवा. उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा निर्णय घाईत घेतला गेला आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. मुलांचे पुढचे प्रवेश हुकले, कुणाच्या परदेशातल्या जागा गेल्या. सार्वजनिक विद्यापीठांच्या नालायकीचा दाखला म्हणून हे प्रकरण नेहमी पुढे केलं जातं, आणि ते बरोबरही आहे. पण पुढे काय झालं? वर्तमानपत्रं तुटून पडली, प्रश्न विधिमंडळात गेला, राज्यपालांनी कुलपती म्हणून ३१ जुलैची मुदत घालून दिली. तीही पाळली गेली नाही, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून काढण्यात आलं. दीडशे वर्षांहून जुन्या विद्यापीठात असं पहिल्यांदाच घडलं. विद्यार्थ्यांचं गेलेलं वर्ष त्याने परत आलं नाही. पण चुकीला एक नाव होतं, आणि त्या नावाच्या वर दुसरं कुणीतरी होतं. खासगी विद्यापीठात कुलपती प्रायोजक संस्था नेमते, म्हणजे व्यवहारात बहुतेक ठिकाणी संस्थापक किंवा त्यांच्या घरातलं कुणीतरी. तिथे अशी चूक झाली तर मुदत कोण कुणाला घालणार? बाप मुलाला?

खासगी बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं मला ठाऊक आहे, आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. सरकारकडे पैसा नव्हता आणि पोरांना शिकायचं होतं. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा महाराष्ट्रातली मुलं देणग्या मोजून कर्नाटकात शिकायला जात होती. इथला पैसा तिकडे जाण्यापेक्षा इथेच राहू दे, हा हिशेब अगदीच गावठी नव्हता. त्या निर्णयावर तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण आज हिंजवडीत आणि सॅन होजेत बसलेली मराठी मुलं मोजली तर त्यातली किती त्या निर्णयाच्या जोरावर तिथे पोहोचली? वसंतदादांवर टीका करणाऱ्यांच्याच घरातली नातवंडं पुढे त्या कॉलेजांत शिकली. शिवाय संलग्न कॉलेजांच्या अवाढव्य पसाऱ्यात अभ्यासक्रमातला एक धडा बदलायचा तर अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद अशी वारी करावी लागते. भाचीच्या विद्यापीठात नवा विषय पुढच्या सत्रात सुरू होतो. ही चपळाई खोटी नाही. तासिका तत्त्वावर चार कॉलेजांत धावणारा प्राध्यापक ती कुठून आणणार?

फीबद्दलही काका मंडळींचा राग अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली. त्या निर्णयात खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत. म्हणजे एकाच शहरात, एकाच अभ्यासक्रमाला, एका फाटकातून गेलं तर फी शून्य आणि पलीकडच्या फाटकातून गेलं तर वर्षाला तीन लाख. शैक्षणिक कर्ज सहसा साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, त्यापुढे बँक घर-जागेचे कागद मागते. माझ्या मेहुण्यांनी साडेसात लाखांवर थांबायचं ठरवलं आणि उरलेले बेदाण्याच्या पैशातून उभे केले. राहण्याचं वेगळंच. हॉस्टेल परवडेना म्हणून दुसऱ्या वर्षी भाची कॉट बेसिसवर आली: एका खोलीत चार कॉट, दोन महिन्यांचं डिपॉझिट, दारावर ‘पाहुण्यांना मनाई’, आणि रविवारी रात्री डबा बंद. यात भरडणं आहेच. पण नीट पाहिलं तर हा राग सरकारवर असायला हवा. किती मुलांची फी आपण सगळ्यांनी मिळून भरायची हा राजकारणाचा प्रश्न आहे, आणि तो सुटला तरी हजेरीचं यंत्र बंद पडायचं ते पडणारच.

‘पटत नसेल तर सोडा, बाजारात दुसरी विद्यापीठं आहेत’ हा युक्तिवाद मात्र मला अजिबात पटत नाही, आणि तोच सगळ्यात आत्मविश्वासाने केला जातो. हॉटेलातली आमटी खारट निघाली तर पुढच्या वेळी दुसऱ्या हॉटेलात जाता येतं. पदवी माणूस सहसा एकदाच घेतो. तिसऱ्या सत्रात सोडायचं तर दीड वर्ष, पाच लाख आणि गावात होणारी चर्चा एवढं सगळं पदरात घेऊन सोडायचं. श्रेयांक एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेता यावेत म्हणून २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. पण तुमचे श्रेयांक घ्यायचे की नाही हे घेणारं विद्यापीठच ठरवणार. मूळ कागदपत्रं संस्थांनी अडवून ठेवू नयेत असं विद्यापीठ अनुदान आयोगाला, म्हणजे यूजीसीला, २०१८ मध्ये वेगळं बजावून सांगावं लागलं, यातच सोडून जाणं किती सोपं असतं ते आलं. आणि याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. पदवी हातात पडली की विद्यापीठाचं नाव हीच विद्यार्थ्याची किंमत होते. त्या नावाला बट्टा लागला तर स्वतःच्याच बायोडेटाला लागतो. म्हणून ज्याला आतलं सगळं माहीत आहे तोच बाहेर आल्यावर सगळ्यात जास्त गप्प बसतो. ज्या बाजारात जुना गिऱ्हाईक नव्या गिऱ्हाइकाला खरं सांगू शकत नाही, त्या बाजाराच्या शिस्तीवर कुणी विसंबावं?

तरीही ग्राहकाला ताकद मिळते, हे खरं आहे. ती कुणावर चालते ते बघा. सत्राच्या शेवटी विद्यार्थी प्राध्यापकांना गुण देतात आणि त्या गुणांवर अनेक ठिकाणी प्राध्यापकाचं कंत्राट पुढे सरकतं. कडक पेपर काढणारे, निबंध परत लिहायला लावणारे सर दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत. भाचीच्या त्या सही करून देणाऱ्या मॅडमही पुढच्या जुलैत नव्हत्या. कारण मला माहीत नाही, तिलाही नाही, आणि विचारायचं कुणाला हेही माहीत नाही. ग्राहकाचा राग नेहमी काउंटरवरच्या माणसावर निघतो. दुकानाच्या मालकापर्यंत तो पोहोचत नाही. म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती दिलेलं शस्त्र त्या इमारतीतल्या सगळ्यात कच्च्या माणसावर चालतं, आणि नेमका तोच माणूस त्याच्या बाजूने सही करणारा असतो.

बरं, ग्राहक तर ग्राहक. मग ग्राहक म्हणून तरी दाद मिळते का? जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने सांगितलं की शिक्षणसंस्था ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. कोचिंग क्लास मात्र येतात. त्यावरचं अपील सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतलं आहे. तोवर स्थिती अशी की बारावीला ज्या क्लासमध्ये शिकलात त्या क्लासवाल्याला ग्राहक मंचात खेचता येतं, आणि त्यानंतर ज्या विद्यापीठात त्याच्या कित्येक पट पैसे भरलेत त्याला नाही. शिक्षण ही विकाऊ वस्तू नाही हे न्यायालयांचं तत्त्व उदात्त आहे. पण चौकाचौकात होर्डिंग लावताना ते विद्यापीठाला आठवतं का? जाहिरातीत ग्राहक, कोर्टात शिष्य. २००२ च्या टी.एम.ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांनी संस्था चालवणं हा घटनेने दिलेला व्यवसायाचा हक्क मानला, नफेखोरीला मनाई केली, वाजवी शिलकीला मुभा दिली. २००५ चा इनामदार खटला तर महाराष्ट्रातूनच गेला होता. हे सगळे निकाल वाचले की भांडण दोघांतच चाललंय असं दिसतं: संस्थाचालक आणि सरकार. कोण किती जागा भरणार, कोण फी ठरवणार. ज्याच्यासाठी हे चाललंय तो विद्यार्थी बहुतेक वेळा ‘जागा’ या शब्दात मावतो.

यूजीसीने २०२३ च्या एप्रिलमध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवे विनियम आणले. प्रत्येक संस्थेत समिती, आणि समितीच्या वर विद्यापीठाचा लोकपाल: निवृत्त कुलगुरू, अनुभवी निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. विद्यापीठाशी हितसंबंध असलेला माणूस नको अशी अटही आहे. कागदावर उत्तम. पण लोकपाल नेमायचा विद्यापीठानेच, आणि बैठकीचं मानधनही त्यानेच द्यायचं. समितीत विद्यार्थ्याला बसवलंय ते ‘विशेष निमंत्रित’ म्हणून, तोही गुणवत्तेवरून नेमलेला, निवडून आलेला नव्हे. आणि नेमणुकीचं काय? जून २०२४ मध्ये यूजीसीने लोकपाल न नेमणाऱ्या १५७ विद्यापीठांची यादी जाहीर केली. त्यात खासगी ४७ होती आणि राज्यांची सरकारी विद्यापीठं १०८. हा आकडा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो, म्हणूनच इथे देतोय. सरकारी विद्यापीठं या बाबतीत साळसूद नाहीत. पण तिथे लोकपाल नसला तर अधिसभेत प्रश्न विचारता येतो, आमदाराला गाठता येतं, उत्तरपत्रिका बघायला माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो. तो हक्क तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केला आहे. खासगी ठिकाणी असा अर्ज दिला की आधी आम्ही त्या कायद्यात बसतो का, यावरच पत्रव्यवहार रंगतो. भाचीच्या विद्यापीठात तपासलेले पेपर विद्यार्थ्यांना दाखवतात, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. पण ती त्यांची मर्जी आहे. उद्या बंद केलं तर?

खासगी म्हटलं की हे असंच असणार, असं काही जण खांदे उडवून म्हणतात. त्यांना मी पुण्याजवळच्या हिंगण्याला घेऊन जाईन. महाराष्ट्रातलं पहिलं खासगी विद्यापीठ धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलं. सरकारी सनद नाही, पदवीला सरकारदरबारी किंमत नाही, शिकवणं मराठीतून आणि विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आजच्या भाषेत शंभर टक्के स्वयंअर्थसहाय्यित. कर्वे झोळी घेऊन देशभर फिरले, पुढे परदेशातही गेले. दरम्यान, १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं; तेच आजचं एसएनडीटी. आता बघा: कल्पना कर्व्यांची, कष्ट कर्व्यांचे, आणि पहिले कुलपती कोण? रामकृष्ण गोपाळ भांडारकर. संस्थापकाने ती खुर्ची स्वतःच्या घरात ठेवली नाही. फर्ग्युसनही सरकारी नव्हतं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी तुटपुंज्या पगारावर ते चालवलं, आणि सदस्यांनी संस्थेबाहेर कमाई करावी की नाही यासारख्या प्रश्नांवर इतके कडाडून भांडले की १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. केवढी कटुता त्या भांडणात! पण भांडायला टेबल होतं, टेबलाभोवती बरोबरीची माणसं होती. खासगी या शब्दाचा अर्थ ‘घरचं’ असा त्यांनी लावला नव्हता. तो आपण गेल्या चाळीस वर्षांत लावला.

मग विद्यार्थी निवडणुका घ्यायच्या का, असा प्रश्न लगेच येतो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ऐंशीचं दशक असतं. पॅनेलच्या जीपगाड्या, हॉकी स्टिक, खुनापर्यंत गेलेली प्रकरणं. १९९४ च्या कायद्याने खुल्या निवडणुका गेल्या तेव्हा पालकांनी सुटकेचा श्वास टाकला होता. २०१६ च्या कायद्याने त्या कागदावर परत आणल्या आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे याही बाबतीत सार्वजनिक विद्यापीठांकडे फुशारकी मारण्यासारखं काही नाही. ही भीती मी धुडकावत नाही. पण मी मागतोय ते याहून फार कमी आहे. नियामक मंडळावर विद्यार्थ्यांनी निवडलेले दोघे असावेत, मत देण्याच्या अधिकारासह. लोकपाल विद्यापीठाने नेमू नये, जिल्ह्यातल्या सगळ्या खासगी विद्यापीठांसाठी मिळून राज्याने नेमावा आणि त्याचं मानधन एका सामायिक निधीतून जावं. अखेरच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा काही हिस्सा बाहेरच्या परीक्षकाकडे जावा. आणि दंड, पुनर्नोंदणी, उशीरा भरलेल्या हप्त्यांवरची आकारणी यांतून वर्षाला किती रक्कम जमा झाली, हे वेबसाइटवर टाकावं. प्लेसमेंटचे आकडे जितक्या मोठ्या अक्षरांत टाकतात तितकी मोठी नसली तरी चालतील.

यातल्या एकाही गोष्टीने एसी बंद पडत नाही, लायब्ररी दहाला मिटत नाही, नवा विषय सुरू व्हायचा थांबत नाही. मग विरोध कशाला होतो? कारण हजेरीच्या यंत्राचा फोटो घेऊन आलेल्या मुलीला ‘सिस्टीममध्ये नाही’ एवढं सांगून परत पाठवता येणार नाही. कुणाला तरी माणसासारखं उत्तर द्यावं लागेल, आणि त्या उत्तराखाली सही करावी लागेल.

मागच्या महिन्यात शेजारच्या मुलाबरोबर एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेल्या प्रवेश मेळाव्याला गेलो होतो. एका स्टॉलवर गळ्यात पट्टा घातलेली चुणचुणीत मुलगी सगळं सांगत होती: परदेशी करार, पॅकेज, स्विमिंग पूल, हप्त्यांची सोय. तिचं संपल्यावर मी विचारलं, ‘तुमच्या विद्यापीठाचे लोकपाल कोण आहेत?’

ती थबकली. ‘सर, लोकपाल म्हणजे... ते अण्णा हजारेंचं?’

मी समजावून सांगितलं. तिने सिनियरला बोलावलं, सिनियरने कुणाला तरी फोन लावला, बराच वेळ ‘हो सर, नाही सर’ चाललं. शेवटी त्यांनी माझा ईमेल लिहून घेतला, दोघांच्या हातात लोगो छापलेली पाण्याची एकेक बाटली दिली आणि म्हणाले, ‘उद्याच कळवतो.’

मेल खरंच दुसऱ्या दिवशी आला. विषय होता: अर्ली बर्ड स्कॉलरशिप, शेवटचे तीन दिवस.